अनुसयेचं पाणी

"पाणी नाका गे," अनुसयेने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, आणि पूजाच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. "तुझो बापूस वायच सिरियस आसा. म्हापशाच्या इस्पितळात बलावल्यानी."

सिरियस कसला! म्हातारा पहाटेच गेला होता. पण मेल्याची बातमी अशी तोंडावर कोण फेकतं? इब्रामपुरात सगळ्यांना ठाऊक होतं. अनुसयेने घोटभर पाणी घेतलं, तर बारसं नाहीतर नोकरी. तिने पाणी नाकारलं, की घरच्या बायका लुगडं बदलायला आत वळत. पूजाही वळली.

गोव्याचं घटकराज्य झालं आणि पुढच्या वर्षी गावाला फोन आला. तो बसला अनुसयेच्या पडवीत. कारण काय, तर बाई घरीच असते! नवरा विठू डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, शनिवारी घरी यायचा. "घरात बसून काम! नशीब काढलंस गे," बायका म्हणत. डोंबलाचं बसून! गावभर निरोप पोचवून वहाणा झिजल्या, आणि उरलेला वेळ त्या डबड्यापाशी खिळून काढायचा. सख्ख्या भावाचं लग्न हुकलं. जत्रा तर किती हुकल्या, देव जाणे.

आणि घंटा वाजली की धास्ती. विठूचं काही नसेल ना? दुसऱ्या कुणाचं नाव ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडे, आणि मग आपली आपल्यालाच लाज वाटे. इतकी वर्षं झाली, पण धास्ती काही जाईना. आज सकाळी पूजाच्या बापाचं नाव ऐकूनही तिला आधी बरंच वाटलं होतं.

ती परतली तेव्हा फोनपाशी बसवलेली शेजारीण यशोदा पायरीवर येऊन उभी होती.

"फोन इल्लो?" अनुसयेने विचारलं.

"इल्लो."

अनुसया आत गेली. माठातलं पाणी घेऊन आली. "धर. उन्हात उभी रवलंस."

यशोदाने हात पुढे केला नाही. "पाणी नाका वैनी," ती खाली बघत म्हणाली. "विठूदादा वायच सिरियस आसा. खाणीवर छातीत दुखूक लागला. डिचोलेच्या इस्पितळात बलावल्यानी."

अनुसया तांब्या धरून उभी राहिली. रडू यायला हवं होतं, आलं नाही. यशोदाने नीट सांगितलं, एवढंच तिच्या मनात आलं.

फोन वाजला. यशोदा धावली, तशी अनुसयेने तिला हाताने थांबवलं. "रव. मी घेतंय."

आता घंटेला भ्यायचं काही उरलं नव्हतं. "इब्रामपूर," ती म्हणाली. "कोणाक सांगूचा?" तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला, लुगडं बदललं आणि वहाणा घातल्या.

"एकटी खंय चललंस गे?"

"म्हाताऱ्या बाबलीक नात झाली. बसच्या वाटेवरच घर आसा. सांगतंय नि तसाच डिचोले जातंय."

"मी सांगतंय त्यांका! तू जा!"

"नाका. माझा काम ता."

बाबलीच्या अंगणात तिने निरोप सांगितला. म्हातारा टाळ्या पिटत हसला. त्याची बायको लगबगीने गूळ-पाणी घेऊन आली आणि ही पाणी घेते की नाही, म्हणून क्षणभर घाबरून अनुसयेच्या तोंडाकडे बघत राहिली.

अनुसयेने तांब्या घेतला आणि उभ्याउभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं.