निळ्या लेपाखालची पहारेकरीण

मित्रांनो, माझ्यावर तुम्ही विश्वास ठेवा, पण माझा मात्र कुणावरच विश्वास नाही. मी एक जुनी भक्षक पेशी आहे. शेंदूरजनाघाटच्या गोवर्धनच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेत माझा जन्म झाला. रक्तातून वाहत मी त्याच्या उजव्या तळहातात आले आणि अंगठ्याच्या बुडाशी कातडीखाली उतरले. तेव्हापासून इथेच पहारा करते.

मला डोळे नाहीत. जवळ येईल त्याला मी अंग पसरून चाचपते. आपलं असेल तर सोडते, परकं असेल तर गिळते. पूर्वी येऊन गेलेल्यांची ओळख ठेवणाऱ्या पेशी वेगळ्या. नव्या शत्रूसाठी त्यांना तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर आम्हालाच झुंजावं लागतं.

त्या घरात माझ्यासारखी संशयी आणखी एकच होती. गोवर्धनची बायको दुर्गाबाई. तो संत्र्याच्या बगीच्यातून आला की ती म्हणायची, “दाखवा बरं हात.”

“काई नाई झालं.”

“मंग मूठ काहून वळली?”

मूठ उघडावीच लागायची. ती साबणाने हात धुवायची, काटा असला तर सुईने काढायची आणि दुखतं का ते बोटाने दाबून पाहायची. तो दाब आला की मला कळायचं, बाहेरचा पहाराही जागेवर आहे.

मागच्या पोळ्यानंतर दुर्गाबाई वारली आणि तो दाब बंद झाला. मुलगी रागिणी अमरावतीला वसतिगृहात होती. गोवर्धन मूठ वळून घरी यायचा आणि कुणी काही विचारायचं नाही.

यंदा संत्र्यांची तोडणी झाल्यावर तो झाडांची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, कापत होता. एक काटा माझ्याशेजारी खोल घुसला. ओढताना टोक आतच मोडलं. त्याबरोबर जंतू आले. मी चाचपले, परकेच होते. काही गिळले, तरी ते वाढतच राहिले. मग मी हाक घातली. आमची हाक म्हणजे रसायनं. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते, तापते, ठणकते. रक्तातून पांढऱ्या पेशींच्या टोळ्या धावत आल्या. त्या जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. ज्या पुवाला पाहून तुम्ही नाक मुरडता, त्यात त्याच असतात.

गोवर्धनला वाटलं, ठणका म्हणजेच रोग. तेव्हा तो झाडांच्या कापलेल्या जागी बोर्डो लावत होता. हा मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप. त्याने झाडाच्या जखमेत बुरशी शिरत नाही. गोवर्धनने तोच तळहातावर थापला.

शेजारच्या बगीच्यातले खुशालराव म्हणाले, “काय करून राह्यला गोवर्धन? ते झाडाचं औषध हाय.”

“झाड वाचते त्यानं. मी काय झाडापक्षा नाजूक हाओ?”

“वैनी असती तं लावू देलं असतं तुले?”

“नाई ना ते. म्हणून तं लावून राह्यलो.”

लेप पाझरला तसा मी तोही चाचपला. आपला नव्हता. वरची चांगली कातडी जळली, माझ्या कित्येक शेजारणी मेल्या. जंतू मात्र खोल, काट्याच्या टोकाला चिकटून, सुखात होते. वरून सगळं निळं, त्यामुळे माझी लाली कुणाला दिसेना. जंतू मनगटाकडे सरकले. आम्ही मेंदूला निरोप धाडला आणि ताप चढला. गोवर्धन पांघरूण घेऊन पडला.

रविवारी रागिणी आली.

“बाबा, हात दाखवा.”

“काई नाई झालं.”

“मंग मूठ काहून वळली?”

बोटं आपोआप सैल झाली.

“हे निळं कायचं?”

“बोर्डो.”

“तुमी काय संत्र्याचं झाड हा का? आन् हे लाल रेघ पाहा, कोपरापर्यंत चढली.” तिचा आवाज बदलला. “आई गेली. आता तुमी बी जा. मले तिकडं फोन येईन, बस.”

गोवर्धनने पांघरूण बाजूला सारलं. उठून त्याने पायात चप्पल सरकवली.

वरुडच्या डॉक्टरीणबाईंनी लेप धुतला, जखम उघडून काट्याचं टोक काढलं. “आणखी थांबले असते तर हाताचंच नाही, जिवाचंही सांगता आलं नसतं,” त्या म्हणाल्या. त्यांनी दिलेलं औषध रक्तातून आलं तेव्हा मला त्याचाही संशय आला. पण जंतू पटापट मरू लागले, तेव्हा मी त्याच्या वाटेला गेले नाही. मेलेल्यांचा पसारा आवरत बसले. हळूहळू कातडी भरून आली.

मित्रांनो, लाली, सूज आणि ठणका ही माझी हाक आहे. ती कशाखाली झाकू नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि कुणाला तरी दाखवा. कुणी विचारणारं नसलं तर आपणच मूठ उघडून पाहा.

परवा संध्याकाळी गोवर्धन बगीच्यातून आला. त्याने साबण घेतला, हात धुतला. मग अंगठ्याच्या बुडाशी एक बोट दाबलं, दुर्गाबाई दाबायची तसंच. बराच वेळ ते तिथेच होतं. मी सवयीने चाचपून पाहिलं. आपलंच होतं.