उंबऱ्यावरचा ठेका

बाबांनी जन्मभर कोंदट वर्कशॉपमध्ये मास्क न लावता वेल्डिंग केलं. "धुराने कुणी मरत नाही," हा त्यांचा हेका. पुढे कंपवात झाला, तेव्हा डॉक्टरांनी आधी त्या धुराचीच चौकशी केली. नेमकं कारण सांगता येत नाही, पण धोका वाढू शकतो, म्हणाले. वर्कशॉप माझ्या हाती आलं, तशी मी भिंत फोडून धूर बाहेर फेकणारा भलामोठा पंखा बसवला.

आज तो बघायला बाबा आले आणि उंबऱ्यापाशीच कंपवाताने त्यांचे पाय खिळले. ताल मिळाला की असे अडलेले पाय सुटतात, हे ठाऊक होतं; मी हातोडी उचलून लोखंडावर ठेका धरला. ठण, ठण, ठण! त्या तालावर पाय सुटले आणि स्वारी ऐटीत आत शिरली. मी आनंदाने टाळ्या पिटल्या.

थरथरतं बोट माझ्यावर रोखून बाबा उखडले, "दात काय काढतेस? मास्क कुठाय तुझा?"