खाटेमागचं दार

"आणि दार?" दिराने गाडीत वाकून पाहिलं. आत स्ट्रेचरवर त्याचा थोरला भाऊ होता, पायाशी वहिनीची पिशवी. बाकी काही नव्हतं.

"कुठलं दार?" तिने विचारलं.

तिचा नवरा सव्वीस वर्षं ही शववाहिनी चालवत होता. आज ती त्याच्या कामावरच्या जोडीदाराने चालवली. घाटात तो म्हणाला होता, "ब्रेक दाबला की वाटतं, आता मागून शिवी येईल." इथे हसायचं असतं हे तिला कळलं होतं. पहाटे घराबाहेर पडण्याआधी रोज ती देवाचं नाव घ्यायची. आज घेतलं की नाही, आठवेना.

घाट चढताना उतारांवर उभी दारं दिसली होती. घर नाही, भिंत नाही, नुसती दारं. एक निळं, एकावर टपालाची पेटी तशीच. घरं पडली असतील, असं तिला वाटलं होतं. दिराने आता सांगितलं की इथे माणूस गेला की त्याला त्याच्याच घराच्या दारावर निजवून नेतात. पुरलं की तेच दार उशाशी उभं करायचं. ज्याला दार नाही त्याला चादरीत नेतात, वाटेत सापडलेल्या परक्या माणसासारखं.

"दादा बोलला नाही कधी?"

नव्हता बोलला. इस्पितळाच्या क्वार्टरना लोखंडी दारं बसली, तेव्हा त्यांचं जुनं लाकडी दार त्याने भंगारात जाऊ दिलं नाही. डोक्यावर घेऊन आला आणि खाटेमागे उभं केलं. वॉर्डातली आयाची ड्यूटी संपवून ती घरी यायची, त्या दारामागची झुरळं झाडायची आणि म्हणायची, हे लाकूड काढा हो एकदाचं. दहा वर्षं म्हणत होती. गेल्या वर्षी तिने ते इस्त्रीवाल्याला देऊन टाकलं. संध्याकाळी नवरा आला. खाटेमागे पाहिलं. हातपाय धुतले.

"बरं झालं," म्हणाला, "जागा झाली."

"माझ्याकडून राहिलं," ती दिराला एवढंच म्हणाली.

धाकटी जाऊ उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. वीस वर्षं भाऊजींना या उंबऱ्याची आठवण झाली नाही, आणि आता दार हवंय, असं ती कुणाकडेही न बघता बोलली. खरं तर दार कुणी मागितलंच नव्हतं. दार दिलं की महिनाभर चौकट उघडी ठेवायची रीत होती, आणि वारा तर अंगातून आरपार जात होता. जोडीदार हळूच म्हणाला, गाडीचं काढू का, चोरीला गेलं म्हणून लिहून देतो. कुणी हसलं नाही. त्याने पाना मात्र हातात घेतला होता.

"चादरीत न्या," ती म्हणाली. "त्यांनी कितीतरी लोकांना तसंच नेलं."

जाऊ आत गेली. आता ती दार लावून घेईल, असं सगळ्यांना वाटलं. ती हातोडी घेऊन आली आणि बिजागरीच्या खिळ्यावर खालून दोन घाव घातले.

"धरा," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "की तेही मीच करू?"

चौघांनी त्याला त्या दारावर निजवून वर उतारावर नेलं. माती झाली. दोन खांब रोवून मधे दार उभं केलं. एका खांबाला कोयंडा ठोकला. बाकीचे चार पावलं मागे सरले.

"कडी तुम्ही लावायची, वहिनी," दीर म्हणाला. "जवळच्या माणसाने."

ती पुढे झाली. रात्रपाळी असो, लांबची फेरी असो, तो घरी येईपर्यंत तिने कधी कडी लावली नव्हती. नुसतं दार लोटून बसून राहायची. कितीही वाजोत.

कडी गार होती, थोडी गंजलेली. पहिल्यांदा बसली नाही. तिने खांद्याने दार जरा रेटलं, तशी बसली.

मग रोजच्यासारखी तिने ती एकदा ओढून पाहिली.