गाडीची लाईन

"बाई, ठेवा बघू फोन! तुमच्यापायी लाईन अडलीय. नाव सापडलं की कळवू!" कालिंदी ओरडली आणि बोर्डातली जोडणीची दोरी खेचून तिने फोन तोडला.

परळच्या त्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बाहेरच्या लायनी दोनच, आत वॉर्ड वीस-पंचवीस. एरवी भागायचं, कारण सगळे एकदम बोलत नाहीत. बोर्डाची सारी मदार त्यावरच. पण आज संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लालबागेत गोळी चालली होती, आणि ज्याचं माणूस घरी पोचलं नव्हतं तो प्रत्येक जण फोनला चिकटला होता. पहिली लाईन दुपारपासून गच्च. दुसरी मात्र मोकळीच ठेवायची, कुणी जखमी पडला तर बाहेरून फोन करून लोकांना अँब्युलन्सची गाडी मागवता यावी म्हणून. तिला हात लावायचा नाही, हे नव्या मुलींना कालिंदीच दटावून शिकवायची.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तिचा धाकटा भाऊ वसंत सकाळी चहा न घेताच मोर्चाला पळाला होता. आईबापांमागे तिनेच वाढवलेला पोर तो. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटी राहवेना, तेव्हा तिने दुसऱ्या लायनीत दोरी खुपसली आणि काळाचौकीला, चाळीखालच्या चिंतामणी वाण्याचा नंबर फिरवला.

"चिंतामणशेट, मी कालिंदी. आमचा वसंत आला का हो?"

"खोलीला तर कुलूप आहे, ताई. तालमीत बघून येऊ का? गल्लीत पोलीस उभेत, वळसा पडेल. फोन ठेवू नका हां."

ठेवायला हवा होता. तिला ते पुरतं कळत होतं. एवढ्यात कुणाचा येतोय फोन, अशी तिने स्वतःची समजूत घातली. बराच वेळ गेला. ओढायला म्हणून दोनदा दोरीवर हात नेला, पण ओढवेना. चिंतामणी आता येईल, आत्ता सांगेल, म्हणून ती कान देऊन बसून राहिली.

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. हातगाडीवरून कुणाला तरी आणलं होतं. वसंतचा जोडीदार दत्ताराम धावत बोर्डाच्या खिडकीशी आला. त्याचा सदरा रक्ताने भिजला होता.

"ताई, अगो गाडीच्या नंबरावर किती फोन केले मी! एंगेज, एंगेज, नुसता एंगेज! कोण मेला बोलत होता एवढा? शेवटी हातगाडीवर घातला वसंताला."

"कसा आहे तो?"

दत्तारामने मान खाली घातली. "नाक्यापर्यंत बोलत होता गो. तुझंच नाव घेत होता. मग गप झाला."

कालिंदी उठली. कानाला लावलेल्या फोनातून अजून आवाज येत होता.

"हॅलो, ताई? आहात ना?" चिंतामणी धापा टाकत होता. "तालमीतपण नाही. वसंत काही आला नाही अजून."

"आला," ती म्हणाली.

तिने दोरी ओढली. लाईन मोकळी झाली न झाली तोच तिच्यावरचा दिवा पेटला. कालिंदीने एकदा फाटकाकडे पाहिलं, मग खाली बसून दोरी लावली.

"बोला," ती म्हणाली. "गाडी कुठे पाठवू?"