जागच्या जागी चौथा गिअर

“गाडी चारशे घोड्यांच्या खाली आली तर मिशी उतरवीन,” टर्नरच्या मेहुण्याने वर्कशॉपच्या दारातच जाहीर केलं. टर्नर खुदकन हसला. मेहुण्याला मिशी फुटलीच नव्हती, हे तो डोळे शाबूत होते तेव्हापासून जाणून होता.

टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा. लोखंडाला केसभर इकडेतिकडे न होऊ देता आकार देणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि गाड्या हा जिवाचा छंद. जुनी दोन सीटची एक स्पोर्ट्‌स कार त्याने मोठ्या हौसेने घेतली होती. तिला इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवायचा, इंजिन आतून-बाहेरून नवं करायचं, असे त्याचे बेत होते. इंजिन उतरवलं आणि त्याच वर्षी डोळ्यांचा पडदा दगा देऊ लागला. आधी कडेचं दिसेना, मग कडा आत आत सरकत आल्या. एका संध्याकाळी स्कूटर फाटकाच्या खांबाला घासली, तेव्हा त्याने मुकाट्याने सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या. आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

गाडी भंगारात जायची, पण बायको हटून बसली. ती शाळेत भूगोल शिकवायची. जगातल्या सगळ्या सामुद्रधुन्या तोंडपाठ असलेल्या त्या बाईला गॅस्केट खायचं की लावायचं हे ठाऊक नव्हतं. “तुम्ही सांगा, मी वाचते,” ती म्हणाली. तिने मायक्रोमीटरवरचे आकडे वाचले, त्याने बोटांनी पिस्टन बसवले. शाळा सुटली की गॅरेज, असं किती दिवस चाललं ते दोघांनीही मोजलं नाही. शेवटी इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारी खिडक्यांत आले होते आणि ही दोघं ग्रीसच्या हातांनी एकमेकांना धरून उभी होती.

आज गाडीची ताकद मोजायची होती. वर्कशॉपच्या मालकाला सगळे मास्तर म्हणत, कारण तो गाड्यांना मार्क द्यायचा. जमिनीत दोन जाड, गोल फिरणारे लोखंडी रूळ बसवलेले होते. गाडीची मागची चाकं त्यांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी चहूबाजूंनी जखडायची आणि पळवायची. चाकं रूळ फिरवतात, गाडी तसूभरही हलत नाही, आणि इंजिन किती घोड्यांचं आहे ते कॉम्प्युटर सांगतो. यालाच डायनो म्हणतात.

मास्तरने पट्टे आवळले, समोरचा मोठा पंखा लावला आणि स्वतः गाडीत बसला. टर्नर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चौथ्या गिअरमध्ये आवाज चढत गेला, टर्बोची शीळ त्यात मिसळली, आणि त्याच्या पाठीमागची भिंतसुद्धा थरथरू लागली. त्याने बायकोचं मनगट घट्ट पकडलं होतं, ते त्याला आवाज थांबल्यावर कळलं.

“तीनशे अठरा,” मास्तर खिडकीतून ओरडला.

मेहुण्याने हळूच वरच्या ओठावरून बोट फिरवलं. “मशीन जरा कंजूष आहे हो तुमचं.”

“मशीन बरोबर आहे. घरी बांधलेल्या इंजिनाला हे मार्क भरपूर झाले. बांधलं कुणी?”

“आम्ही दोघांनी,” टर्नर म्हणाला.

“वा! मग रस्त्यावर कशी चालते?”

बायको म्हणाली, “मी चालवते, भीत भीत. ह्यांनी अजून एकदाही नाही चालवली.”

मास्तरने टर्नरच्या हातातल्या पांढऱ्या काठीकडे पाहिलं. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. “या, बसा.”

“मास्तर, मला दिसत नाही.”

“ते आलं माझ्या लक्षात. पण इथे बघायचंय काय? समोर भिंत आहे आणि ती काही अंगावर येत नाही. क्लच-गिअर विसरलात का?”

“विसरतोय कसला! पण काही बिघडलं तर?”

“बिघडलं तर परत बांधू,” बायको म्हणाली. “मला आता पाना धरता येतो. बसा बघू!”

तो बसला. स्टिअरिंगवरून त्याने दोन्ही हात सावकाश फिरवले. शेजारच्या सीटवर मशीनचा रिमोट घेऊन मास्तर बसला. “स्टिअरिंग सरळ. मी ‘सोडा’ म्हटलं की पाय वर. बाकी गाडी तुमची.”

पहिला, दुसरा, तिसरा. पायांना सगळं आठवत होतं. चौथा पडला. “दाबा!” मास्तर ओरडला, आणि टर्नरने ॲक्सिलरेटर तळाला नेला. क्षणभर काहीच नाही, मग टर्बो जागा झाला आणि सगळी गाडी पट्ट्यांना हिसडे देत पुढे झेपावू लागली. पंख्याचा वारा उघड्या खिडकीतून तोंडावर येत होता. आपण कितीतरी वेगात निघालो आहोत, असं त्याला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. खाली चाकं पळतच होती.

“सोडा!”

रूळ घरघरत थांबले. टर्नरने इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून निघेनात. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

“तीनशे सोळा,” मेहुणा पडद्यावरून वाचत म्हणाला. “भावजी, दोन घोडे वाटेत सांडले!”

“इंजिन तापलंय, म्हणून,” मास्तर हसला. त्याने टर्नरचा तळवा उलटा करून त्यावर बोटाने ताकदीचा आलेख काढला. “इथून उठली. इथे टर्बो आला, बघा कशी चढली. आणि इथे शेंडा.”

“मास्तर, तुमचे आभार कसे मानू?”

“काही नको. सकाळपासून दोन पोरं येऊन माझ्याशी आकड्यावरून भांडून गेली. माझाही दिवस बरा गेला आता.”

टर्नर उतरला. दार धरूनच तो म्हणाला, “अजून एक मागू? आता हिला बसवा. अर्धं इंजिन हिचं आहे. रस्त्यावर ही बिचारी कधी निम्म्याच्या पुढे दाबत नाही.”

“अहो, काहीतरीच काय!” बायको म्हणाली, पण चपला बाजूला काढल्याचा आवाज त्याने ऐकला. दार लागलं. मेहुण्याने टर्नरला हाताला धरून भिंतीपाशी आणलं.

दुसरा गिअर जरा करकरला, तिसरा नीट पडला. चौथ्याला टर्नरने श्वास रोखला. तिने पाय थेट तळाला नेला, जराही न कचरता. इंजिन गर्जत वर चढलं आणि त्या गदारोळातून त्याला बायकोचं हसू ऐकू आलं, पोरीसारखं, मोठ्याने, न थांबणारं.