माझ्या पोटाखालचे मीठ

मित्रांनो, मी एक वयस्कर मोटारगाडी आहे. रंग हिरवा, दारे चार, आणि सांगायला आनंद वाटतो की अजून मी माझ्या स्वतःच्या चाकांवर उभी आहे. माझ्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या आमच्या भागात केव्हाच भंगारात गेल्या. त्या म्हातारपणाने गेल्या नाहीत. मिठाने गेल्या.

आमचे गाव कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, मोठ्या नदीच्या काठावर, चांगल्याच उभ्या उतारावर आहे. हिवाळ्यात हा उतार काचेसारखा गुळगुळीत होतो. म्हणून पहाटे एक ट्रक येतो आणि रस्त्यावर मीठ पसरत जातो. ते मीठ नसते, तर निम्मे गाव घसरत नदीत गेले असते, म्हणून मी मिठाला नावे ठेवत नाही. पण तेच मीठ विरघळलेल्या बर्फात मिसळते, चाकांबरोबर उडते, आमच्या पोटाखाली जाऊन बसते आणि पत्रा खात राहते. वरून काही दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

मला जोडले ते दूरच्या एका कारखान्यात. त्या दिवसांचे मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते दोन बहिणींच्या दारात. थोरली ओदील शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी वाटाण्याचे सूप ढवळणारी. धाकटी रोलांद नवरा गेल्यावर ओदीलकडे राहायला आलेली. घराच्या पुढच्या खोलीत ती बायकांचे केस कापायची. दोघींनी मिळून मला घेतले आणि न बोलता वाटूनही घेतले. दिसायचे तेवढे रोलांदचे, न दिसायचे ते ओदीलचे.

रोलांद मऊ फडक्याने माझे बॉनेट असे पुसायची की येणाऱ्या बायका त्यात बघून केस नीट करायच्या. ओदीलला चकाकीशी देणेघेणे नव्हते. बर्फ पडायच्या आधी ती मला लिओनेलच्या गॅरेजात न्यायची. लिओनेल मला उंच उचलून खाली उभा राहायचा आणि माझ्या पोटावर, दारांच्या पोकळीत, तळाच्या पोकळ तुळयांच्या आत तेलाचा फवारा मारायचा, म्हणजे मीठ पत्र्याला भिडत नाही. मग ओदील मला मुद्दाम खडीच्या खाणीकडच्या कच्च्या रस्त्याने फिरवून आणायची. तेलावर धूळ बसली की थर धरून राहतो.

मी तेल ठिबकत अंगणात आले की रोलांद नाकाला रुमाल लावून दारात उभी.

"ओदील, गाडी न्यायला सांगितलं कुणी, आणि तळून आणायला सांगितलं कुणी?"

"तळून झाली. पीठही लावून आणलंय. आता बोल."

"माझ्या गिऱ्हाइकांना वास येतो गं!"

"तुझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्याला तू जे फासतेस ना, त्यापुढे हा वास म्हणजे अत्तर आहे."

रोलांद पुटपुटत पुठ्ठे आणून माझ्या खाली पसरायची. ओदील भर थंडीतही सवड काढून पाण्याचा पाइप माझ्या पोटाखाली धरायची. "तळ करपला की अख्खं पातेलं वाया," असे ती म्हणायची. बर्फाने माखलेली असले तर मला मागच्या थंड लाकडी शेडमध्येच ठेवायची. मला ते मनातून आवडायचे नाही. घराला लागून गाडीसाठी गरम खोली होती. तिथे का नाही ठेवत, असे मला वाटायचे. बाईला माया कमी आहे, असाही एक विचार माझ्या इंजिनात येऊन जायचा.

मग एका ऑक्टोबरात ओदील शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पुन्हा चालायला शिकण्यासाठी तिला लांबच्या मोठ्या गावातल्या रुग्णालयात राहावे लागणार होते. लिओनेल दारात येऊन विचारून गेला.

"मादाम रोलांद, यंदाचं तेल राहिलंय. आणता ना गाडी?"

"या वर्षी राहू दे, लिओनेल. ओदील येईल तेव्हा बघू. मला दुसरं काही सुचत नाहीये."

तिला खरोखरच सुचत नव्हते. दुकान लवकर बंद करून ती रोज ओदीलला भेटायला निघायची. बर्फ असो, वारा असो, आम्ही त्या खारट चिखलातून जायचो आणि यायचो. परत आल्यावर ती मला गरम खोलीत घ्यायची, बॉनेटवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "कुडकुडू नकोस गं. तूच आता माझी सोबत." मग फडके घेऊन मला चकाचक पुसायची.

मित्रांनो, मला तेव्हा किती बरे वाटले म्हणून सांगू! पण त्या उबेत माझ्या पोटाला चिकटलेला बर्फ वितळायचा, खारे पाणी सांध्यासांध्यांत झिरपायचे, आणि तिथे ओले राहून आपले काम करायचे. कडक थंडीत तोच बर्फ गोठून गुमान बसला असता. ओदील शेडमध्ये का ठेवायची, ते मला तेव्हा कळले. पण सांगणार कोणाला?

ओदीलने एकदा विचारले होते म्हणे, "गाडी धुतेस ना?"

"रोज पुसते."

"आणि खालून?"

"खालून कोण बघायला जातंय?"

एवढ्या बर्फातून रोज येणाऱ्या बहिणीला गाडीवरून काय बोलायचे, असे ओदीलला वाटले. हे सगळे मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून समजले.

मार्चमध्ये ओदीलला घरी सोडले. रोलांदने मागच्या सीटवर चादर घातली, स्वतः केलेला मेपलच्या साखरेचा गोड टार्ट ठेवला, आणि ओदीलला पुढे बसवून आम्ही निघालो. दोघी अखंड बोलत होत्या. गावाचा उतार लागला. खाली चर्चचे वळण, आणि वळणापलीकडे नदी. रोलांदने ब्रेकवर पाय ठेवला आणि माझ्या आत काहीतरी फुटले. ब्रेकची नळी गंजून कागदासारखी झाली होती. तेवढ्या दाबाने ती गेली.

"ओदील, पाय खालीच जातोय!"

"कुठे खाली?"

"ब्रेक लागत नाहीये! नुसता धरल्यासारखा करतोय!"

ओदीलचा आवाज एकदम शाळेतल्या पोरांना ओळीत उभे करणाऱ्या बाईचा झाला. "गिअर खाली घे. घे म्हणते ना! हां. आता हँडब्रेक, हळूहळू ओढ. झटका देऊ नकोस."

इंजिन कळवळले, पण त्याने मला अडवून धरले. मागची चाके आवळली. तरी वळण पुढे येतच होते.

"उजवीकडे बर्फाचा ढीग आहे. त्यात घाल."

"रंग खरवडेल गं!"

"रोलांद!"

रोलांदने डोळे मिटले की उघडे ठेवले, मला माहीत नाही. पण स्टिअरिंग तिने उजवीकडे वळवले. मी ढिगात छातीपर्यंत घुसले आणि थांबले. मागच्या सीटवरचा टार्ट उडून दोघींच्या मधे पडला होता. ओदीलने त्याचा एक तुकडा उचलला, चाखला आणि म्हणाली, "साखर थोडी जास्त झाली." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

लिओनेलने मला ओढून नेले आणि वर उचलले. ओदील काठी धरून स्टुलावर बसली. रोलांद आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटाखाली उभी राहिली. तिने वर पाहिले तेव्हा गंजाची एक खपली सुटून तिच्या चांगल्या कोटावर पडली. तिने ती झटकली नाही.

"मी रोज पुसत होते हिला," ती म्हणाली. "रोज. गरम खोलीत ठेवत होते."

लिओनेल हात पुसत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "मादाम, उबेत मिठाला जोर येतो."

"म्हणजे माझ्यामुळे? माझ्यामुळे आज ओदील…"

"तुझ्यामुळे मला रोज एक ओळखीचं तोंड दिसत होतं," ओदील तिला तोडून म्हणाली. "नाहीतर त्या खाटेवरून मी उठलेच नसते. गाडीचं काय, गाडी दुरुस्त होते. होते ना रे, लिओनेल?"

माझा श्वास अडकला, म्हणजे गाडीचा अडकतो तेवढा. लिओनेलने हातोडी घेतली आणि माझ्या तुळयांवर एकेक ठोका देत पुढून मागे गेला. मागे एका ठिकाणी पत्रा भसकन आत गेला. बाकी सगळीकडे ठण् असा आवाज आला.

"सगळ्या नळ्या बदलाव्या लागतील. मागे एक ठिगळ. पण हाडं शाबूत आहेत," तो म्हणाला. "इतकी वर्षं तेल प्यायलेली गाडी आहे ही. एका हिवाळ्याने मरत नाही."

मित्रांनो, ते ऐकून मला आठवली ओदीलची पोटाखाली पाइप धरून गारठलेली बोटे, आणि त्याच वेळी रोलांदचा रोज संध्याकाळी बॉनेटवरून फिरलेला हात. दोघींपैकी कोणाचे उपकार मोठे, हे ठरवायला मी आजवर धजले नाही.

आता ओदीलला वाकता येत नाही. म्हणून बर्फ वितळायला लागला की रोलांद डोक्याला फडके बांधते, पुठ्ठ्यावर आडवी होते आणि पाण्याचा पाइप घेऊन माझ्या पोटाखाली शिरते. ओदील खुर्चीवर बसून काठीने दाखवते, "अजून डावीकडे. त्या कोपऱ्यात. अगं, तिथलं भोक मोकळं कर, पाणी बाहेर जाऊ दे." परवा केस कापायला आलेल्या एका बाईंनी रोलांद कुठे आहे असे विचारले. ओदील म्हणाली, "ते दोन पाय दिसतायत ना? तसंच वर वर बघत जा, सापडेल."

तुमच्याकडे कदाचित बर्फ पडत नसेल. पण समुद्राचा खारा वारा येत असेल, पावसाळ्याचा चिखल असेल, दारात एखादी सायकल किंवा स्कूटर असेल. तिच्यावर माया करा, तिला जरूर पुसा. पण कधीतरी गुडघे टेकून खालूनही बघा. जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे आमचे आयुष्य ठरते. तिथे बोट लावल्यावर बोटाला तेल लागले, तर ती गाडी कोणाची तरी लाडकी आहे असे खुशाल समजा. माझ्या पोटाला लावून पाहा. कोपरापर्यंत लागेल.