रखमाजीची बैठक सुटली

विंझरच्या रखमाजीला मूलबाळ नव्हतं, पण त्यानं जमवलेली लग्नं वेल्ह्यापासून नसरापुरापर्यंत होती. मुलगी लग्नाची झाली की बाप आधी त्याच्याकडं यायचा. रखमाजी दोन्हीकडच्या माणसांमध्ये मांडी घालून बसायचा आणि बोलणं तुटू द्यायचा नाही. कुठली सासू तोंडानं फटकळ पण मनानं चांगली, कुठलं घर बाहेरून गोड आणि आत पोरीचे हाल, हे त्याला ठाऊक असायचं. अशा घराचं नाव निघालं की तो सुपारी कातरता कातरता थांबायचा. तेवढ्यानं मुलीचा बाप समजून जायचा.

दुसरी जागतिक लढाई सुरू होण्याआधी दोनेक वर्षं, भाताच्या झोडणीत, त्याची लघवी अडली. पोट दगडासारखं झालं. पुतण्या कुंडलिकनं त्याला गाडीत घालून नसरापूर गाठलं आणि तिथून मोटारीनं पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी पोटाला भोक पाडून नळी घातली, आणि तो जरा सावरल्यावर दुसऱ्यांदा पोट उघडून वाढलेली गाठ काढली. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच दुखण्यानं गेला. रखमाजी जगला. घरी आला तेव्हा बायकोनं, धोंडाबाईनं, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

पोटाची जखम भरली, पण लघवी काही आवरेना. आधी अडत होती, आता थांबत नव्हती. खोकला आला, ओझं उचललं, नुसतं बसल्याचं उठलं, तरी धोतर ओलं व्हायचं. रात्री कधी झालं ते कळायचंच नाही. धोंडाबाई रोज सकाळी अंथरुणाखालचा पेंढा बदलायची. जुन्या लुगड्याच्या धडप्यात चाळलेली राख भरून तिनं लंगोटात ठेवायच्या पुरचुंड्या शिवल्या. भोरच्या वैद्यानं गोखरूचा काढा दिला, तोही घेऊन झाला. राखेनं मांड्या सोलवटल्या, त्यावर ती खोबरेल लावायची.

"डाक्टर म्हनलं व्हतं, हळूहळू आवरंल," ती म्हणायची.

"व्हय," तो म्हणायचा, आणि भिंतीकडं तोंड करायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला कामथडीचा सावळाराम आला. त्याच्या फुलाबाईची सोयरीक रखमाजीनंच आजारपणाआधी सुचवली होती.

"तात्या, सुपारी तुमच्याम्होरंच फुटली पायजे."

"मला लई येळ बसवत न्हाई रं."

"टेकून बसा. पर या."

रखमाजीला नाही म्हणवलं नाही. खरं तर त्याला जायचंच होतं. त्यानं आदल्या संध्याकाळपासून पाण्याला तोंड लावलं नाही, दोन पुरचुंड्या बांधल्या आणि कुंडलिकच्या गाडीतून कामथडीला गेला.

सावळारामच्या ओसरीवर नवं जाजम अंथरलं होतं. बोलणी नीट चालली होती. मग लग्न कुणाच्या दारी करायचं यावरून मुलाचा चुलता अडून बसला, आवाज चढले. रखमाजीनं हात वर केला. त्यानं त्या चुलत्याला त्याच्याच लग्नाची आठवण करून दिली. वरात ओढ्यात अडकली होती आणि नवरदेव म्हशीच्या पाठीवर बसून पलीकडं आला होता. सगळी बैठक हसली, चुलताही हसला. त्यांच्याबरोबर रखमाजी पोटातून हसला, आणि त्याच क्षणी त्याला कळलं. गरम धार थांबत नव्हती. तो हसतच राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

सुपारी फुटली. जेवायला उठायची वेळ झाली.

"तुमी व्हा म्होरं," तो म्हणाला. "म्या येतो."

पण मान त्याचा पहिला. सावळारामनं प्रेमानं त्याला काखेत हात घालून उठवलं. जाजमावर ओला डाग पसरला होता आणि वास लपण्यासारखा नव्हता. मुलाच्या चुलत्यानं आपल्या पायाजवळचं पानाचं तबक मागं ओढून घेतलं. रखमाजी न जेवता गाडीत जाऊन बसला.

पुढच्या बाजाराला कुंडलिकला कळलं ते त्यानं आधी चुलतीला सांगितलं, पण रखमाजीनं आतून ऐकलंच. कामथडीला सुपारी पुन्हा फोडली होती. मुलाकडची माणसं म्हणाली होती, शुभ कामात विटाळ झाला, दुसरा मानकरी बसवा.

रखमाजी कुंडलिकला घेऊन पुन्हा पुण्याला गेला. डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले.

"गाठ काढताना तिथली आवळून धरायची ताकद गेलीय. ती परत यायची नाही. जीव वाचला हे समजा."



त्यानंतर त्यानं बाहेर जाणं सोडलं. फुलाबाईच्या लग्नाच्या अक्षता घेऊन सावळाराम स्वतः आला, पायावर डोकं ठेवून गेला. लग्नाला धोंडाबाई एकटीच गेली. लोक आले की ती दारातूनच सांगायची, घरात न्हाईत.

"अवं, तुमी हितंच बसून बोला की," ती एकदा म्हणाली. "मानसं येत्यात न्हवं?"

"वासात बसवू त्येंना?"

ती पेंढा बदलायला आत गेली.

पावसाळा सरल्यावर वेल्ह्याकडचा गेनू आला. गरीब, सरळ माणूस; त्याच्या थोरलीचं लग्न रखमाजीनंच लावलं होतं. धोंडाबाईनं त्याला ओट्यावर पाणी दिलं आणि नेहमीचं सांगितलं. गेनू हिरमुसला.

"निस्तं इचारायचं व्हतं, वैनी. धाकट्या बनाबाईला आनंदरावाच्या घरनं मागनी आलीया. त्येचा पोरगा बिजवर हाय, पर जमीन लई हाय. उद्या बोलायला जातोय."

आत पेंढ्यावर पडलेल्या रखमाजीनं ते ऐकलं. आनंदरावाची पहिली सून, घरचे सांगत तशी, विहिरीत पाय घसरून पडली नव्हती. तिच्या बापाला गप्प बसवायला आनंदरावानं रखमाजीलाच बोलावलं होतं, आणि रखमाजी त्या घरातून पाणी न पिता उठून आला होता. तो धडपडून उठला, आणि धोतर पुरतं ओलं झालं. तसाच दारापर्यंत गेला. कडीला हात लावला. बाहेर गेनू पागोटं सावरत होता. रखमाजी तिथंच उभा राहिला. मग मागं फिरून कोरडं धोतर शोधू लागला. निऱ्या जमेनात. बाहेर आला तेव्हा ओटा रिकामा होता.

"गेनू कुठाय?"

"गेला की. तुमीच म्हनता न्हाईत म्हनून सांग."

"अगं, पोर मरंल ती! कुंडलिकला धाड."

कुंडलिक धावतच गेला. अंधार पडता पडता परत आला.

"गाठला व्हता वाटंतच. समदं सांगितलं. त्यो म्हनला, रखमाजी तात्या घरात असून मला भेटलं न्हाईत, आन आता दुसऱ्याच्या तोंडून असं सांगत्यात? आनंदरावाशी वाकडं आसंल त्येंचं."

"म्या जातो," रखमाजी म्हणाला. "सकाळी गाडी जुप."

कुंडलिकनं सकाळी गाडी जुंपली. रखमाजी बाहेर आला, गाडीच्या साट्याला हात लावला. पाय उचलून गाडीत चढताना पुन्हा तेच झालं. त्यानं खाली पाहिलं. बैल मान हलवत उभे होते.

"तात्या, बसा. कुनी बगत न्हाई," कुंडलिक म्हणाला.

रखमाजीनं साट्यावरचा हात काढला.

"सोड बैलं," तो म्हणाला, आणि घरात गेला.

मार्गशीर्षात बनाबाईचं लग्न आनंदरावाच्या दारी लागलं.